सोलापुरातून अमेरिकेच्या लिबरल आर्ट्स कॉलेजात: अर्जापासून पहिल्या सत्रापर्यंत

जुलै उजाडला की बारावीतलं एखादं पोर स्टाफरूमच्या दाराशी घुटमळतं. हातात मोबाइल, त्यावर अमेरिकेतल्या कॉलेजचा इंग्रजी फॉर्म आणि तोंडात एकच प्रश्न: "मॅडम, हे काउन्सेलर म्हणजे कोण? आपल्याकडं कोण असतंय?" काउन्सेलर म्हणजे मुलाला ओळखणारा आणि त्याच्या अर्जासोबत पत्र लिहिणारा शाळेतला मार्गदर्शक. आपल्याकडं कुणी नसतं. सोलापुरातल्या बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत असं पदच नाही. मी इंग्रजी शिकवते म्हणून पहिला फॉर्म माझ्याकडं आला, मग दरवर्षी येत गेला. ते फॉर्म भरताना जे कळलं, ते इथं क्रमानं लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्या. ही कॉलेजं माणूस वाचून प्रवेश देतात. आपली बारावीची व्यवस्था मात्र माणसाची नोंद ठेवत नाही, फक्त गुणांची ठेवते. त्यामुळे अर्जाचं खरं काम म्हणजे ही नोंद उभी करणं. ती ऑगस्टमध्ये एकदम उभी राहत नाही, तिची सुरुवात अकरावीतच करावी लागते.

हे कॉलेज असतं कसं

लिबरल आर्ट्स म्हणजे आपली आर्ट्स साइड, असा घरोघरी समज होतो. तसं नाही. विल्यम्स, अमहर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना, बोडन, ग्रिनेल, कार्लटन ही सगळी चार वर्षांच्या पदवीची छोटी निवासी कॉलेजं आहेत. विद्यार्थी साधारण दीड ते दोन हजार, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या महाविद्यालयापेक्षा कमी. पहिली दोन वर्षं भौतिकशास्त्र, इतिहास, संगीत, संगणक असं काहीही एकत्र शिकता येतं. मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवायचा. वर्गात पंधरा-वीस मुलं, आणि शिकवायला स्वतः प्राध्यापक. स्वार्थमोरला इंजिनिअरिंगही आहे. स्मिथ, माउंट होल्योक आणि ब्रिन मॉर ही मुलींची कॉलेजं आहेत. मुलीला इतक्या लांब पाठवायला घाबरणाऱ्या आईवडिलांना मी ती तीन नावं आधी सांगते.

"विल्यम्स? कधी ऐकलं नाही," असं नातेवाईक म्हणतील. त्यांना सांगायला एक गोष्ट देते. विल्यम्समधून १८०८ साली पदवी घेतलेला गॉर्डन हॉल हा मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरला. तो ज्या मिशनचा होता, त्याच अमेरिकन मराठी मिशननं पुढं नगरला आणि आपल्या सोलापुरात काम केलं, शाळा काढल्या. तिथून इकडं दोनशे वर्षांपूर्वी माणसं आली, तर इकडून तिकडं एक पोर जायला हरकत नसावी.

ही वाट सगळ्यांसाठी नाही, तेही स्पष्ट सांगते. डॉक्टर व्हायचं असेल तर नीटची परीक्षाच द्या. अमेरिकेत डॉक्टरकी पदवीनंतर सुरू होते आणि तिथली फार थोडी मेडिकल कॉलेजं परदेशी विद्यार्थी घेतात. वाचनाची आवड नसेल, फक्त परदेश हवा असेल, तर तिथली पहिली दोन सत्रं फार जड जातात. घरातल्या कुणाला तुमच्या रोजच्या सोबतीची गरज असेल तर देशातच अशी विद्यापीठं आहेत: सोनिपतचं अशोका, बंगळुरूचं अझीम प्रेमजी, आंध्रातल्या श्री सिटीचं क्रिया आणि पुण्याजवळ लवळ्याचं फ्लेम. पुणं तर हुतात्मा एक्सप्रेसनं चार तासांवर. तिथंही निवड होते, आर्थिक मदत मिळते आणि अर्जाची तयारी बरीचशी सारखीच असते. माझा आग्रह असा की बाहेरच्या यादीसोबत यातलं निदान एक नाव ठेवाच.

यादी पैशावरून करा

या कॉलेजांचा वर्षाचा खर्च, राहणं-जेवण धरून, आज साधारण ९० हजार डॉलरच्या आसपास आहे. रुपयांत पाऊण कोटीच्या आसपास. हा आकडा बघूनच निम्मी घरं फॉर्म बंद करतात. पण तो छापील भाव आहे. प्रवेश मिळालेल्या मुलाच्या घराला किती झेपतं याचा हिशेब काढून, उरलेली सगळी रक्कम स्वतः भरणारी काही कॉलेजं आहेत, आणि आपल्या उपयोगाची तीच.

त्यांत दोन प्रकार आहेत, आणि हा फरक नीट समजून घ्या. अमहर्स्ट आणि बोडन परदेशी मुलांच्या बाबतीतही निवड करताना पैशाकडं बघत नाहीत. विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना, ग्रिनेल यांसारखी कॉलेजं निवडलेल्या मुलाची पूर्ण गरज भागवतात, पण परदेशी मुलांची निवड करताना कुणाला किती मदत लागेल हे विचारात घेतात. दोन्ही प्रकारांत मिळणारी रक्कम बहुतांश अनुदान असते, परत करायची नसते. विल्यम्सनं तर २०२२ पासून आपल्या मदतीतून कर्ज आणि कँपसवरच्या कामाची अट दोन्ही काढून टाकली.

पहिल्या अर्जातच "मला मदत हवी" असं लिहा. शरम वाटली म्हणून किंवा "आधी प्रवेश तर होऊ दे" म्हणून तिथं नाही लिहिलं, तर बऱ्याच कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याला पुढची चारही वर्षं मदत मागता येत नाही. ही चूक मी जवळून पाहिली आहे. तिच्यावर नंतर उपाय नसतो.

आणि खरं तेही ऐका: यातली सर्वांत वरची कॉलेजं शंभर अर्जांतले दहासुद्धा घेत नाहीत, परदेशी मुलांसाठी तर अजून अवघड. त्यामुळे आठ-दहा नावांची यादी करा. अर्जाचं शुल्क साठ-सत्तर डॉलर असू शकतं, ते झेपत नसेल तर माफीची सोय फॉर्ममध्येच आहे. ग्रिनेल आणि स्मिथ शुल्कच घेत नाहीत.

आपल्याकडच्या सरकारी परदेशी शिष्यवृत्त्यांवर या टप्प्यावर विसंबू नका. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि पीएचडीसाठी आहे. ती नंतर उपयोगी पडेल.

नावाचं स्पेलिंग आणि नववीचं प्रगतिपुस्तक

दहावीचा निकाल लागला की पहिलं काम पासपोर्टचं. सोलापुरात पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याला जावं लागत नाही. घाई यासाठी की आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर दुसरा क्रम, कुठं स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. तेलुगू आणि कन्नड आडनावांची स्पेलिंगं तर दाखल्यागणिक बदललेली मी बघितली आहेत. पासपोर्ट काढताना हे सगळं एकदा सरळ करून घ्या आणि पुढं प्रत्येक फॉर्ममध्ये अक्षर न् अक्षर पासपोर्टप्रमाणं लिहा. परीक्षेचं नाव एक, अर्जाचं दुसरं आणि व्हिसाचं तिसरं झालं की महिनेच्या महिने जातात.

ही कॉलेजं नववी ते बारावी अशा चार वर्षांचे गुण मागतात. दहावीची गुणपत्रिका सगळे लॅमिनेट करून ठेवतात, नववीचं प्रगतिपुस्तक मात्र रद्दीत जातं. ते शोधा. सापडलं नाही तर जुन्या शाळेत जाऊन लेटरहेडवर, शिक्का-सहीसह गुण लिहून आणा. अकरावीचे गुणही तसेच घ्या.

सरांना तुम्ही माहीत असायला हवं

शिफारसपत्रं साधारण तीन लागतात: विषय शिकवणाऱ्या दोघांची आणि एक काउन्सेलरच्या जागी असलेल्या व्यक्तीचं. ती व्यक्ती प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक असू शकते. विद्यार्थ्याचे आईवडील किंवा नातेवाईक मात्र नकोत.

सोलापुरातली खरी अडचण इथं आहे. अकरावी-बारावी सायन्सची मुलं नाव एका कॉलेजात घालतात आणि दिवसभर क्लासला असतात. कॉलेजात प्रॅक्टिकलपुरती येतात. मग ऑगस्टमध्ये "सर, पत्र द्या" म्हटलं की सर काय लिहिणार? मी स्वतः पहिलं पत्र लिहिलं ते असं: मुलगी हुशार, कष्टाळू, आज्ञाधारक आहे. तीन ओळी, तिन्ही खऱ्या, आणि वाचणाऱ्याला त्यातून काही कळलं नसणार. आजही तिची आठवण झाली की मला वाईट वाटतं. तिनं वर्गात एकदा कवितेच्या एका ओळीवरून माझ्याशी तास संपेपर्यंत वाद घातला होता. ते लिहायला हवं होतं.

म्हणून अकरावीपासून निदान दोन विषयांच्या तासाला बसा. प्रश्न विचारा. शंका घेऊन तासानंतर थांबा. पत्र मागायला जुलैमध्येच जा, आणि जाताना एक कागद न्या. त्यावर तुम्हाला त्या विषयात काय आवडलं, कुठं अडलात, वर्गातला कोणता प्रसंग लक्षात आहे, हे मराठीत लिहा. सरांना आठवायला मदत होते. सर इंग्रजीत लिहायला संकोचत असतील तर त्यांनी मराठीत लिहावं आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी भाषांतर करावं. दोन्ही प्रती जोडता येतात. तुम्ही स्वतः भाषांतर करू नका, आणि पत्र स्वतः लिहून फक्त सही घेणं तर अजिबात नको.

काउन्सेलरच्या फॉर्मबरोबर शाळेची ओळख सांगणारा एक पानाचा कागद मागतात. आपल्याकडं तो कुठंच तयार नसतो. आम्ही एका दुपारी बसून केला. राज्य मंडळात पास व्हायला ३५ टक्के लागतात, ७५ टक्क्यांना विशेष प्राविण्य म्हणतात, वर्गात मुलं किती, त्यांतली किती ७५ च्या वर गेली, कोणते विषय निवडता येतात, मुलं कोणत्या घरांतून येतात, घरात कोणत्या भाषा बोलतात. हा कागद नसेल तर आपले ८२ टक्के तिकडच्या वाचणाऱ्याला सामान्य वाटू शकतात. तुमच्या कॉलेजात नसेल तर प्राचार्यांना भेटा आणि सोबत बसून करून घ्या.

निबंध

अर्ज बहुतेक ठिकाणी कॉमन अ‍ॅप या एकाच संकेतस्थळावरून जातो. मुख्य निबंध एकच, जास्तीत जास्त ६५० शब्दांचा, आणि तो सगळ्या कॉलेजांना जातो. त्याशिवाय काही कॉलेजं आपापले छोटे प्रश्न विचारतात.

माझ्याकडं येणारा पहिला मसुदा बहुतेक वेळा एकसारखा असतो. लहानपणापासून स्वप्न होतं, परिस्थिती बिकट होती, पण जिद्द सोडली नाही. यातलं काही खोटं नसतं. पण तो मसुदा दुसऱ्या कुणाच्याही नावावर चालून जातो, म्हणून परत पाठवते.

एका मुलाच्या घरी चादरीचे माग होते. त्याचा पहिला मसुदा असाच. मी विचारलं, "मागाजवळ तू नेमकं काय करतोस?" म्हणाला, "काही नाही ओ मॅडम, पुठ्ठे बघतो." जेकार्डच्या चादरीची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साखळीवरून मागावर उतरते. भोक असेल तिथला धागा वर, नसेल तिथला खाली. एकदा साखळी शिवताना एक पुठ्ठा उलटा लागला आणि नक्षीत दर हातभर अंतरावर एक चूक यायला लागली. शेकडो पुठ्ठ्यांतून तो एक शोधायला त्याला तीन रात्री लागल्या. शेवटी त्यानं चुकांमधलं अंतर मोजून हिशेबानं तो काढला. त्याला संगणकशास्त्र शिकायचं होतं आणि हे निबंधात लिहायचं त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. आम्ही तेवढंच ठेवलं. त्याला सहा नकार आले आणि एक होकार.

तुमच्याकडंही असं काहीतरी असतं. आजीशी तेलुगू, दुकानात कन्नड, शाळेत मराठी, गल्लीत उर्दू असं एकाच दिवसात बोलणारं पोर भाषेबद्दल जे जाणतं, ते पुस्तकात नाही. नळाला काही दिवसांनी एकदा पाणी येतं त्या रात्री घरातली कोणती भांडी कोणत्या क्रमानं भरतात, हे ठरवणारा माणूस नियोजन शिकलेला असतो. नान्नजच्या माळावर पक्षी बघत उभं राहणं, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांच्या मागं चालणं, हेही चालेल, फक्त तुम्ही खरंच केलेलं असावं आणि त्यातून तुमचं डोकं कसं चालतं ते दिसावं.

उपक्रमांसाठी दहा जागा असतात, प्रत्येकी दीडशे अक्षरांच्या. आपली मुलं तिथं "काही नाही" लिहून मोकळी होतात, कारण त्यांच्या मते उपक्रम म्हणजे वक्तृत्व स्पर्धेची ढाल. धाकट्या भावाला रोज शिकवणं, आईच्या विड्यांचा हिशेब ठेवणं, टॉवेलच्या कारखान्यात सुट्टीत केलेलं काम, आजोबांना दवाखान्यात नेणं, हे सगळं त्यात बसतं. आठवड्याला किती तास, वर्षाचे किती आठवडे, ते खरं लिहा.

निबंध लिहून देतो म्हणून हजारो-लाखो रुपये मागणारे भेटतील. देऊ नका. वाचून दाखवायला एक शिक्षक आणि तुम्हाला ओळखणारा एक मित्र पुरे. चौकशीसाठी अमेरिकी सरकारचं एज्युकेशनयूएसए हे मोफत मार्गदर्शन आहे, त्यांची ऑनलाइन सत्रं घरबसल्या बघता येतात.

परीक्षा

यावर फार वेळ घालवू नका. बोडननं १९६९ पासून प्रवेश परीक्षेची सक्ती ठेवलेली नाही आणि आज अशी कॉलेजं बरीच आहेत. प्रत्येकाचा चालू नियम त्यांच्याच संकेतस्थळावर बघा. एसएटी ही प्रवेश परीक्षा द्यायची असेल तर अकरावीच्या शेवटी पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन द्या. ती आता संगणकावर होते, १६०० गुणांची, सव्वादोन तासांची. इंग्रजीसाठी ड्युओलिंगोची परीक्षा घरून देता येते आणि बहुतेक ठिकाणी चालते. त्या तासाभरात खोलीत कुणी येणार नाही, एवढं घरच्यांना आधी बजावून ठेवा.

पैशाचे कागद

मदतीसाठी बहुतेक कॉलेजं सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म मागतात, तो १ ऑक्टोबरला उघडतो. त्याला शुल्क आहे. झेपत नसेल तर कॉलेजला सरळ ईमेल करा, काही कॉलेजं माफीचा कोड देतात, काही स्वतःचा मोफत फॉर्म.

त्यात पगार, धंदा, शेती, घर, कर्ज, बँकेतली शिल्लक, घरात किती माणसं आणि त्यातली शिकणारी किती, सगळं विचारतात. पगारदार घराला सोपं जातं. यंत्रमाग, किराणा, रिक्षा किंवा विड्या असलेल्या घराला अवघड, कारण उत्पन्न हातात येतं आणि कागदावर येत नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जोडा, पण एकट्या त्याच्यावर थांबू नका. वर्षभराची बँक स्टेटमेंट, रिटर्न भरत असाल तर दोन वर्षांचे रिटर्न, शेती असेल तर सातबारा, आणि एक साधं पत्र जोडा: महिन्याला किती येतं, कोणत्या महिन्यात धंदा मंदावतो, भाडं, औषधं आणि हप्ते किती जातात. पत्र वडिलांनी किंवा आईनं मराठीत सांगावं, तुम्ही इंग्रजीत लिहावं आणि खाली त्यांची सही घ्यावी.

आकडा कमी करून दाखवू नका. दाखल्यावर एक, स्टेटमेंटवर दुसरं आणि फॉर्मात तिसरं असेल तर वाचणारा थांबतो. गावाकडची सामाईक जमीन असेल तर ती सामाईक आहे आणि विकता येत नाही, असं स्पष्ट लिहा.

वेळापत्रक

कॉमन अ‍ॅपचा नवा फॉर्म १ ऑगस्टला सुरू होतो. एकाच कॉलेजला बांधील राहून लवकर अर्ज करायचा असेल तर मुदत १ किंवा १५ नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्यात. बांधील म्हणजे निवड झाली की बाकीचे अर्ज मागं घ्यायचे. मदत खरोखर अपुरी पडली तरच त्यातून बाहेर पडता येतं. नेहमीचे अर्ज जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, निकाल मार्चअखेर, उत्तर १ मेपर्यंत.

आता हे आपल्या वर्षावर ठेवून बघा. जानेवारीत गड्डा, मग प्रॅक्टिकल, फेब्रुवारीत बोर्ड. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सगळे निबंध संपवा. फराळ झाला की रोज दोन तास. कॉमन अ‍ॅपची मुदत तुमच्या घड्याळाप्रमाणं, म्हणजे भारतातल्या रात्री ११:५९ पर्यंत असते. अमेरिकेत अजून दिवस आहे म्हणून थांबू नका. आणि बोर्डाचा अभ्यास सोडू नका. निवड झाली तरी बारावीचा अंतिम निकाल पाठवावा लागतो आणि गुण फार घसरले तर कॉलेज जागा काढून घेऊ शकतं.

होकार आल्यावर

कॉलेज आय-२० हा व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद पाठवतं. मग सेव्हिसचं, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी यंत्रणेचं, ३५० डॉलर शुल्क, मग व्हिसाचा अर्ज, त्याचे १८५ डॉलर. हे पैसे बऱ्याचदा मदतीत धरलेले नसतात, पण विचारलं तर काही कॉलेजं देतात. मुलाखत मुंबईला किंवा हैदराबादला घेता येते. आपल्याला हैदराबाद जवळ. बोटांचे ठसे आणि मुलाखत असे दोन वेगळे फेरे असतात, लागोपाठच्या दिवसांचे धरलेत तर एकदाच जाणं होतं. मुलाखत दोन-तीन मिनिटांची. हे कॉलेज का, खर्च कोण करणार, काय शिकणार, पुढं काय, याची उत्तरं पाठ करू नका, मदतीचं पत्र मात्र हातात वर ठेवा. सत्र सुरू होण्याच्या ३० दिवसांहून जास्त आधी अमेरिकेत उतरता येत नाही, त्यामुळे तिकीट ती तारीख बघून काढा.

सामानात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि एक चादर जाईलच. थंडीचा कोट इथून घेऊ नका. तिकडच्या थंडीला आपला कोट पुरत नाही, आणि गरजू मुलांना तो घेऊन देण्याची सोय बऱ्याच कॉलेजांत असते. तिथं पोचल्याबरोबर विचारा.

पहिलं सत्र

आपली मुलं तिथं अभ्यासात कमी पडत नाहीत, गप्प बसण्यात अडकतात. वर्गात बोलणं हे तिथं गुणांचा भाग असतं. मी सांगते की प्रत्येक तासाला एक वाक्य बोलायचं ठरवून जा, मग ते प्रश्नार्थक का असेना. प्राध्यापक आठवड्यात ठरलेले तास खोलीत बसतात, त्या वेळात कुणीही जाऊ शकतं. काही अडलं असेल तेव्हाच जायचं असं नाही. एका मुलीनं मला कळवलं की ती पहिले सहा आठवडे गेलीच नाही, "सरांचा वेळ कसा घ्यायचा" म्हणून. सातव्या आठवड्यात गेली तर प्राध्यापकांनीच विचारलं, इतके दिवस का आली नाहीस?

दुसऱ्याचं वाक्य नाव न देता वापरणं तिथं गंभीर गुन्हा आहे. इथं गाइडमधून उतरवायची सवय असते, ती विमानतळावरच सोडा. लेखनासाठी मदत करणारं केंद्र प्रत्येक कॉलेजात असतं, पहिल्या निबंधापासून जा.

सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कँपसवर काम करता येतं. बाहेर करू नका, व्हिसा जातो. शिष्यवृत्तीतला राहण्या-जेवणाचा भाग करपात्र धरला जातो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन कराचा फॉर्म भरा. पदवीनंतर एक वर्ष आणि विज्ञान-गणिताच्या विषयांत आणखी दोन वर्षं काम करायची मुभा सध्या मिळते. परत येऊन सरकारी नोकरी किंवा इथलं पुढचं शिक्षण करायचं तर पदवीची समकक्षता घ्यावी लागते, त्यासाठी प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम जपून ठेवा.

डिसेंबरच्या सुट्टीत बरीच वसतिगृहं बंद होतात. कोणती उघडी राहतात ते नोव्हेंबरमध्येच विचारा, तिकीट महाग असतं आणि बहुतेक जण घरी येत नाहीत. आणि पहिल्या सत्राचे गुण लागले की ज्यांनी शिफारसपत्र लिहिलं त्या सरांना कळवा, कोणता विषय जड गेला आणि काय आवडलं तेही सांगा. जुलैमध्ये त्यांच्या दाराशी दुसरं कुणीतरी फॉर्म घेऊन उभं असेल.